केळीच्या बागेतील ठिबक आणि ग्रँड नैन : आठ वर्षांच्या वापरानंतर

रावेर तालुक्यातील आमच्या चार एकर केळीत जळगावच्या जैन इरिगेशनचा ठिबक संच आणि त्याच कंपनीची ऊतीसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली) ग्रँड नैन या केळीच्या वाणाची रोपे गेली आठ वर्षे आहेत. या दोहोंचे परीक्षण मी एकत्रच करीत आहे, कारण एकाचा उपयोग दुसऱ्याशिवाय निम्माच होतो.

यातील मूळ ज्ञान खानदेशातले नाही. आधुनिक ठिबकाचा पाया इस्राएलमध्ये सिम्हा ब्लास यांनी घातला आणि १९६५ मध्ये हात्झेरिम किबुत्झवर (सामूहिक शेतीच्या वसाहतीवर) नेटाफिम कंपनी उभी राहिली. ग्रँड नैन हा वाणही बाहेरूनच आला. जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांचा उद्योग मात्र १९७८ मध्ये पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) तयार करीत होता आणि १९८० मध्ये पीव्हीसी पाइपांकडे वळला. पाइप घडवण्याचे कसब आधीच अंगी मुरलेले होते, म्हणूनच परक्या देशातील ठिबक नुसते आणून विकण्यावर न थांबता ते येथे बनवणे या कंपनीला साधले, असे माझे मत आहे. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतील चॅपिन ही ठिबक कंपनी, २००७ मध्ये इस्राएलच्या नानदान या सिंचन कंपनीतील निम्मा हिस्सा आणि २०१२ मध्ये उरलेला हिस्सा तिने विकत घेतला.

बांधावर या ज्ञानाचे काय झाले, हे आमच्यासाठी अधिक महत्त्वाचे. पूर्वी आम्ही कंद लावून पाटाने पाणी देत असू. घड हाती यायला अठरा महिने लागत आणि कापणीही मागेपुढे होई. आता सहा बाय पाच फुटांवर एकरी सुमारे साडेचौदाशे रोपे बसतात, बाग एकसारखी वाढते आणि साधारण वर्षभरात कापणीला येते. एकसारख्या बागेला एकसारखेच पाणी आणि विद्राव्य खत लागते. ते ठिबक आणि व्हेंचुरीमुळे (खताचे द्रावण नळीतल्या पाण्यात ओढून घेणाऱ्या साधनामुळे) प्रत्येक झाडाच्या मुळाशी पोहोचते. विहिरी दरवर्षी खोल जाणाऱ्या आमच्या भागात याचे मोल वेगळे सांगायला नको.

सर्वांत मोलाचे मला कृषितज्ज्ञांचे मार्गदर्शन वाटले. आमच्या विहिरीचे पाणी जड असल्याने ड्रिपरमध्ये (पाणी थेंब थेंब सोडणाऱ्या तोट्यांमध्ये) क्षार साठत. हे क्षार विरघळवणारी आम्लप्रक्रिया किती दिवसांनी करायची, नळ्यांची टोके उघडून पाणी कधी सोडायचे आणि कांदेबागेला (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीला) मृगबागेहून (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीहून) वेगळे वेळापत्रक का हवे, हे त्यांनी शेतात उभे राहून दाखवले. पुस्तकातील तंत्र आमच्या मातीत रुजले ते या कामामुळे. याआधी एका विक्रेत्याकडून घेतलेल्या स्वस्त नळ्या दोन उन्हाळ्यांत तडकल्या होत्या, आणि तेव्हा सल्ला द्यायला कोणीही आले नव्हते.

खर्च मात्र लहान शेतकऱ्याला जड जातो. अनुदान मिळाले तरी विद्राव्य खतांचा बोजा दरवर्षीचा असतो, त्यामुळे एक एकरवाल्याने आधी पाण्याची आणि खताची बेरीज मांडूनच निर्णय घ्यावा.

२०२३ मध्ये कंपनीचा परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या इस्राएली सिंचन कंपनीत विलीन झाला आणि कर्जाचा भार हलका करण्यासाठी ते आवश्यकही होते. नव्या संशोधनाची वाट त्यामुळे अरुंद होऊ नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. नवीन संच घेणाऱ्यांनी पाण्याची तपासणी आधी करून घ्यावी आणि वाळूच्या फिल्टरमध्ये काटकसर करू नये.