ॲक्टिनाइडसाठी क्ष-किरण वर्णपट: प्रयोगशाळेतलं यंत्र घ्यावं की सिंक्रोट्रॉनची वाट धरावी?

युरेनियम, थोरियम, प्लुटोनियम ही ॲक्टिनाइड गटातली जड किरणोत्सारी मूलद्रव्यं. युरेनियम डायऑक्साइडची पूड हवेत राहिली की हळूहळू ऑक्सिजन ओढून घेते. त्यातलं युरेनियम अजून +४ या ऑक्सिडीकरण स्थितीवरच (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले त्याचा आकडा) आहे, की +५, +६ कडे सरकलंय, हे क्ष-किरण शोषण वर्णपटातून थेट कळतं. पूर्वी त्यासाठी एकच मार्ग होता: सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वलयात फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) बीमटाइम, म्हणजे मोजमापाची वेळ, मागायचा. आता खोलीत मावणारे स्पेक्ट्रोमीटर मिळू लागलेत. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या गटाने वक्र स्फटिकाच्या जुन्या रचनेत पुन्हा जीव ओतला. २०१८ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या गटाने युरेनियमच्या एल-३ एजवरचं (एज म्हणजे ज्या ऊर्जेला अणू अचानक जास्त क्ष-किरण शोषू लागतो ती ऊर्जा; के, एल, एम ही आतल्या इलेक्ट्रॉन-थरांची नावं) मोजमाप अशा यंत्रावर करून दाखवलं. यंत्राची किंमत कोटींच्या घरात जाते, त्यामुळे निर्णय घाईचा नाही.

बहुतेक जण आधी फोटॉन मोजतात, आणि तिथे प्रयोगशाळेतलं यंत्र सपशेल हरतं. साध्या क्ष-किरण नळीतून निघालेले किरण दहा सेंटिमीटर व्यासाचा वक्र स्फटिक गोळा करतो आणि नमुन्यावर आणून टाकतो. सेकंदाला काही हजार ते काही लाख फोटॉन हाती लागतात. सिंक्रोट्रॉनवर हाच आकडा शंभर अब्जांच्या पुढे असतो. तिकडे मिनिटांत मिळणारा वर्णपट इकडे काही तास खातो, आणि एक्झाफ्ससाठी (एजपुढच्या लाटांवरून शेजारच्या अणूंची अंतरं काढण्यासाठी) एजच्या पुढे लांबपर्यंत जायचं तर रात्रभर यंत्र चालू ठेवावं लागतं.

पण माझ्या मते फोटॉनांवरून निर्णय घेणं चूक आहे. नमुन्यात युरेनियम किती टक्के आहे, ते आधी बघा. तेरा मिलिमीटर व्यासाच्या पेलेटमध्ये (दाबून केलेल्या वडीत) साधारण पंचवीस मिलिग्रॅम युरेनियम सेल्युलोजमध्ये नीट मिसळलेलं असेल, तर एल-३ एजची उडी पारगमनात (नमुन्याच्या आरपार गेलेले किरण मोजून) छान दिसते. +४ पासून +६ पर्यंत एज तीन-चार इलेक्ट्रॉन व्होल्ट सरकते आणि युरेनिल (दोन ऑक्सिजन जोडलेलं युरेनियम) असेल तर पुढे एक खांदा उमटतो. एवढं ओळखायला रात्रभराचे फोटॉन पुरतात. शिवाय झोत मंद असल्यामुळे किरणांनीच नमुन्याचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट) होण्याचा धोकाही कमी. वितळून मिळवलेलं संयुग असो की ऑक्सिडीकरण होत असलेली पूड, तोच पेलेट आज मोजावा आणि आठ दिवसांनी पुन्हा मोजावा, ही मुभा बीमटाइमच्या वेळापत्रकात सहसा मिळत नाही.

आता किरणोत्सार. पंचवीस मिलिग्रॅम नैसर्गिक युरेनियममध्ये सेकंदाला सहाशेच्या आसपास विघटनं होतात. तेवढंच प्लुटोनियम-२३९ घेतलं तर पावणेसहा कोटी, आणि अमेरिसियम-२४१ असेल तर तीनशे कोटींच्या वर! म्हणून प्लुटोनियमवर काम करणारे जमेल तिथे प्लुटोनियम-२४२ वापरतात, त्याची किरणोत्सारिता साधारण सोळा पटींनी कमी असते. युरेनियम-थोरियमपुरतं काम असेल तर दुहेरी कॅप्टॉनमध्ये (पातळ प्लास्टिक फिल्ममध्ये) सीलबंद पेलेट प्रयोगशाळेतल्या यंत्रावर निवांत बसतो. प्लुटोनियमपासून पुढे मात्र ग्लोव्हबॉक्स (हातमोजे बसवलेली बंद पेटी), हवेची देखरेख आणि गळती झालीच तर काय, याचा विचार यंत्राआधी करावा लागतो. ग्रेनोबलच्या युरोपियन सिंक्रोट्रॉनवरची रोसेन्डॉर्फ बीमलाइन (सिंक्रोट्रॉनचा झोत नमुन्यापर्यंत आणणारी मोजमापाची जागा) याच कामासाठी बांधलेली आहे आणि १९९८ पासून चालू आहे. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ वर (२.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचं वलय) ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या एक्झाफ्स बीमलाइन आहेत. थोरियम आणि युरेनियमच्या एल-३ एज तिथल्या पट्ट्यात आरामात बसतात. मुंबईच्या गटाला अडचण अंतराची नाही, किरणोत्सारी नमुना पॅक करून परवानग्यांसह इंदूरला नेण्याची आहे.

प्रयोगशाळेतलं यंत्र कुठे हात टेकतं? नमुन्यात ॲक्टिनाइड काहीशे पीपीएमच (दहा लाखांत काहीशे भाग) असेल, म्हणजे माती, भूजलातला गाळ वगैरे, तर नाद सोडा. तिथे प्रखर झोत आणि बहुघटकी फ्लुरोसन्स डिटेक्टर (नमुन्यातून परत निघणारे क्ष-किरण टिपणारा) लागतो. दुसरी अडचण एम-४ एजची. युरेनियमची ही एज ३.७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे आणि उच्च विभेदन तंत्राने इथे +४, +५ आणि +६ ची शिखरं स्पष्ट वेगळी दिसतात, जी एल-३ वर एकमेकांत मिसळतात. पण एवढ्या कमी ऊर्जेचे किरण हवा आणि सीलबंद नमुन्याच्या खिडक्याच खाऊन टाकतात, फोटॉन तर आधीच मोजके. +५ चा माग काढायचा असेल तर सिंक्रोट्रॉनच.

प्लुटोनियमवाल्यांनी झिरकोनियमपासून सावध राहावं. प्लुटोनियमची एल-३ एज १८,०५७ वर आणि झिरकोनियमची के एज १७,९९८ इलेक्ट्रॉन व्होल्टवर. झिरकॉनसारख्या पदार्थात थोडं प्लुटोनियम असेल तर पारगमनात ते झिरकोनियमच्या लाटांत बुडतं.

यंत्र घ्यायचं ठरलंच तर नळीचा ॲनोड (ज्या धातूवर इलेक्ट्रॉन आदळून क्ष-किरण निघतात तो) विचारून घ्या. मोलिब्डेनम नळीतून स्वतःहून निघणारी तीव्र के-अल्फा रेषा १७,४७९ इलेक्ट्रॉन व्होल्टवर येते, म्हणजे युरेनियमच्या एल-३ एजच्या (१७,१६६) जेमतेम तीनशे इलेक्ट्रॉन व्होल्ट पुढे, ऐन एक्झाफ्सच्या मधोमध. विवर्तनासाठी आणलेली मोलिब्डेनम नळी इथे खपवायचा मोह टाळावा. चांदीचा ॲनोड चांगला, त्याच्या रेषा बावीस हजारांच्या पुढे आहेत.

थोरियमवाल्यांसाठी गणित थोडं निराळं. थोरियम बहुतेक वेळा +४ वरच असतो, तेव्हा एजची जागा बघून फारसं काही कळत नाही. शेजारचे अणू किती अंतरावर आहेत हे एक्झाफ्सच सांगतं, आणि त्यासाठी इंदूरचे दोन दिवस घरच्या दोन आठवड्यांपेक्षा मोलाचे. तुमच्या नमुन्यांत युरेनियम आणि थोरियम दोन्ही असतील तर ऑक्सिडीकरण स्थिती घरी, रचना इंदूरला, अशी वाटणी करा.

आणि द्रावणात युरेनियम किती आहे एवढंच हवं असेल तर यातलं काहीच नको, पुनर्प्रक्रिया उद्योगात वापरला जाणारा के-एज घनतामापक ते काम नळीच्याच जोरावर करतो. यंत्र घेणाऱ्यांनी मात्र क्ष-किरण उपकरणाची आणि किरणोत्सारी पदार्थाची अशा दोन्ही परवानग्या एईआरबीकडून (अणुऊर्जा नियामक मंडळाकडून) खरेदीच्या ऑर्डरआधी विचारून ठेवाव्यात.