एक्सेल घेऊ की लिबरऑफिस? एफवायबीकॉमवाल्या भाचीसाठी

भाचीला कॉलेजात कॉम्प्युटरचा पेपर लागलाय, विचारते मामा एक्सेल विकत घेऊ का लिबरऑफिस टाकू. एक्सेल म्हणजे तक्ते आणि हिशोब करायचं सॉफ्टवेअर, लिबरऑफिसमध्येही त्याच कामाचा भाग आहे.

खर्च बघ आधी. लिबरऑफिस पूर्ण फुकट, नेट नसलं तरी चालतं, मेनू मराठीतही करता येतात. एक्सेलला पैसे लागतात, वेबवालं फुकट आहे पण त्याला सतत नेट हवं आणि काही गोष्टी त्यात नाहीतच.

शिकायला म्हणशील तर सेल, फॉर्म्युला, सम, इफ, व्हीलुकअप (तक्त्यातून हवी ती माहिती शोधणारा फॉर्म्युला), पिव्होट टेबल (मोठ्या तक्त्याचा सारांश) दोन्हीकडे सेम, ओळीही दोन्हीत 10,48,576, म्हणजे डोक्यात जे बसायचं ते कशातही बसतं.

खरी अडचण प्रॅक्टिकलला येते बघ, लॅबमध्ये एक्सेल असेल तर रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवर, कुठलं बटण कुठे ते हाताला माहीत हवं, नाहीतर येत असूनही वेळ जातो आणि मार्क जातात, याचं मला फार वाईट वाटतं. फाइल देताना एक्सएलएसएक्समध्येच (एक्सेलचा फाइल प्रकार) सेव्ह कर, ओडीएसमध्ये (लिबरऑफिसचा) नको. मॅक्रो, म्हणजे तीच ती कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, मात्र इकडचे तिकडे नीट चालतीलच असं नाही.

घरी जुना लॅपटॉप, नेट कमी, नुसता पाया पक्का करायचाय तर लिबरऑफिस. परीक्षा एक्सेलवर असेल किंवा पुढे अकाउंट्सची नोकरी करायचीय तर एक्सेलच.