जुनी घरं बघायला कुठं जायचं : भोपाळ, चेन्नई, मणिपाल की गावातलीच गढी?

परवा लातूरहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, धाकट्यानं विचारलं, माळवद म्हणजे काय. मला काही धड सांगता येईना. जुनी घरं उचलून आणून मांडलेलं म्युझियम असतं म्हणे, त्यातलं कुठलं बघावं? आईंनाही न्यायचंय." माळवद म्हणजे आपल्या जुन्या घरांवरचं मातीचं सपाट छप्पर, एवढं सांगितलं. बाकी उत्तर फोनवर लांबत गेलं, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. असा प्रश्न पडलेली आणखीही घरं असतील.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. विचारलं की निम्मे लोक कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम सुचवतात. तिथले गावगाड्याचे पुतळे छान आहेत, पोरं रमतात. पण ती नव्यानं उभारलेली दृश्यं आहेत, वाचवून आणलेली घरं नव्हेत. आपल्याला घरं बघायचीत.

भोपाळचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आपल्याला सगळ्यात सोयीचं. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करत थेट भोपाळला नेते. लातूरकरांनी परभणी गाठायची. श्यामला टेकडीवर, मोठ्या तलावाच्या काठाला २०० एकरांत हे पसरलंय. आदिवासी वस्त्या, किनाऱ्यावरचं गाव, हिमालयातलं गाव, वाळवंटातलं गाव असे वेगवेगळे भाग आहेत, आणि त्याच आवारात प्रागैतिहासिक चित्रं असलेले शैलाश्रय, म्हणजे खडकांचे आडोसे, तेही आहेत. सोमवारी बंद असतं. इथली बरीचशी घरं जुनी उचलून आणलेली नाहीत. त्या त्या समाजाच्या लोकांना बोलावून, त्यांच्याच रीतीनं, त्यांच्याच हातून ती इथं बांधून घेतलीत. म्हणजे भिंत नवी, पण हात अस्सल.

याचा फरक आईमुळे कळला. मागं तिला घेऊन गेलो होतो. एका घरात ती वाकली, भुईवर तळवा फिरवला आणि म्हणाली, "सारवण पोपडलंय. शेण कमी घातलंय, नुसती माती ओढलीय." तिथल्या पाट्या मी तासभर वाचत होतो, तिनं घर तळव्यानं वाचलं. पण दोन तासांत तिचे गुडघे बोलायला लागले. चढउतार आहे आणि एका वस्तीपासून दुसरीपर्यंतचं अंतर चांगलंच आहे. नागालँडचं मोरुंग, म्हणजे तरुण पोरांचं सामुदायिक घर, बघून पोरं उड्या मारतात. तोवर म्हातारी माणसं सावलीतला दगड शोधत असतात. एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट करू नका.

चेन्नईचं दक्षिणचित्र याच्या अगदी उलट. ईस्ट कोस्ट रोडवर मुट्टुकाडूला, दहाएक एकरांत. १९९६ साली सुरू झालं. आराखड्यात वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांचा हात आहे. इथं दक्षिणेतल्या राज्यांतली पडायला आलेली खरी घरं उतरवून आणलीत. काम कसं चालतं ते समजून घेतलं तर बघताना मजा येते. घर सोडवायच्या आधी खांब, तुळया, दारं, कड्या यांवर खुणा घालतात, जोड सोडवून माल ट्रकनं आणतात आणि नव्या जोत्यावर त्याच क्रमानं बसवतात. मातीच्या भिंती काही ट्रकमधून येत नाहीत, त्या नव्यानंच घालाव्या लागतात. म्हणून घरात शिरल्यावर आधी लाकडाकडं बघा.

केरळातल्या पुदुपल्लीचं सीरियन ख्रिश्चन घर आहे, त्यात धान्याची लाकडी खोलीच घराच्या ऐन मध्यावर. पाहुणा आला की आधी धान्य दिसणार! आपल्याकडं उलटी रीत: बळद भिंतीच्या पोटात, पेव जमिनीच्या पोटात, आणि घरात ज्वारी किती ते शेजाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. पोरांना हा एक फरक दाखवला तरी जाणं वसूल.

मराठवाड्याच्या माणसाला सगळ्यात जवळचं वाटतं ते तिथलं इरकलच्या विणकराचं घर. आपल्या आज्या ज्या गावचं लुगडं नेसायच्या, त्याच गावचं. दगडी दर्शनी भाग बघितला की क्षणभर उदगीर-निलंग्याकडं आल्यासारखं होतं. आईंना इथं बसू द्या, पुढची माहिती त्याच देतील. आवार लहान, सपाट, झाडांची सावली बरी, त्यामुळं गुडघ्यांना त्रास कमी. मंगळवारी बंद. लातूरकडून जायचं तर सोलापूर गाठून चेन्नईची गाडी धरायची. मात्र दिवाळीच्या सुट्टीचा बेत असेल तर इथं जाऊ नका, त्या दिवसांत चेन्नईला परतीचा पाऊस झोडपत असतो. जानेवारी-फेब्रुवारी बरा.

मणिपालचं हस्तशिल्प हेरिटेज व्हिलेज हे विजयनाथ शेणॉय यांच्या एकट्याच्या ध्यासातून उभं राहिलं. पाडायला काढलेले वाडे आणि महाल, कुकनूरचा कमल महाल यांतलाच, त्यांनी सोडवून आणले. दख्खनी नवाब महाल नावाची इमारत आहे, निजामाच्या मुलखात वाढलेल्याला ती परकी वाटत नाही. लाकूडकाम तिन्हींत सरस. पण मोकळं भटकता येत नाही, मार्गदर्शकाबरोबर फिरावं लागतं, आणि दहा वर्षांचं पोर तिथं कंटाळणार हे नक्की. आपल्याकडून प्रवासही आडवळणाचा: मुंबईकडं जाऊन कोकण रेल्वेनं उडुपी. मी म्हणेन, ज्याच्या घरी अजून वाडा उभा आहे आणि विकायचा विचार चाललाय, त्यानं बाकी सगळं सोडून आधी इथं जावं.

हे मी पोळलेला माणूस म्हणून सांगतोय. औसा तालुक्यातला आमचा बारा खणांचा वाडा (खण म्हणजे दोन तुळयांमधला भाग). ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही वाचलो, पण त्यानंतर माळवदाखाली झोपायला कुणी तयार होईना. भीती खोटी नव्हती. चिखलात रचलेल्या दोन-तीन हात जाड दगडी भिंती, सागवानी तुळया, त्यावर कड्या म्हणजे आडवे वासे, किलच म्हणजे लाकडाच्या चिपा, पाला आणि वर पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणातली, माती. गळू नये म्हणून दरसाल मातीचा आणखी एक थर. आजोबा-पणजोबांपासूनचं ते सगळं ओझं त्या पहाटे हजारो लोकांच्या अंगावर आलं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही माळवद उतरवलं, पत्रे टाकले. कोरीव चौकट आणि आठ खांब एका व्यापाऱ्यानं जळणापेक्षा थोड्या बऱ्या भावात नेले. एक खांब तेवढा उरला, त्याला गोठ्यात म्हैस बांधतात.

आपलं माळवद मला या तिन्ही ठिकाणी दिसलं नाही, आणि त्याचं कारण माझ्या मते हेच आहे. जे सुटतं, खुणा घालून बांधून नेता येतं, तेच टिकतं. आपल्या घराचा जीव दगड, चिखल आणि पांढरीत. ते उतरवलं की ढिगारा होतो.

तेव्हा वहिनी, तुमच्यापुरतं सांगायचं तर आई बरोबर असतील तर दक्षिणचित्र, जानेवारीत. नुसती पोरं असतील, चार दिवस असतील आणि खर्च आवरायचा असेल तर भोपाळ. मणिपाल आत्ता नको.

पण माळवद म्हणजे काय, हे यातल्या एकाही ठिकाणी कळणार नाही. त्यासाठी एक रविवार काढून गावाकडं या. वेरूळला मालोजीराजे भोसल्यांच्या गढीचे अवशेष आहेत, ते बघून वाड्याचा विस्तार समजतो. पण डोक्यावर छप्पर असलेलं माळवद हवं तर राहतं घरच गाठावं लागेल. आमच्या शेजारच्या गल्लीत पाटलांचं आहे अजून. ढाळजेत, म्हणजे दारातल्या बैठकीत, बसून चहा घ्यायचा, मग आत. दुपारी बाराच्या सुमाराला या, साण्यातून, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या भोकातून, उन्हाचा तुकडा थेट जात्याशेजारी पडतो आणि त्यात धूळ तरंगताना दिसते. एप्रिलमध्ये आलात तर बाहेरच्या उन्हात आणि माजघरात किती फरक आहे ते पोरांना अंगावर कळेल. घरातलं कुणीतरी बरोबर असल्याशिवाय वर चढायचं नाही, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. ओलं माळवद कधी बसेल त्याचा नेम नसतो. मागच्या श्रावणात त्यांचा एक खण खाली आला, दिवसाढवळ्या. नशीब, आत फक्त कोंबड्या होत्या.