संत्रा सालीच्या तेलाचं ‘नैसर्गिक तणनाशक’: १७,००० रुपये गेले, मोथा तसाच उभा

वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या सालीचं तेल म्हटलं की कोणाचाही विश्वास बसतो. साल दिव्यावर पिळली की भडका उडतो, डोळ्यात उडाली की आग होते, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. त्याच विश्वासावर एका विक्रेत्याने ‘नैसर्गिक तणनाशक’ म्हणून ५ लिटरचे ४ कॅन आमच्या गळ्यात मारले. लिटरला ८५० रुपये, म्हणजे १७,०००. फवारणीची मजुरी २,४००. मोथ्याचं तण हललं नाही, म्हणून पुन्हा निंदणाला ६,३००. एकूण २५,७०० रुपये.

तेल खोटं नाही, त्याच्या नावावर विकलेला माल खोटा आहे. सालीच्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं. ते पानावरचा मेणाचा थर विरघळवतं, पानातलं पाणी निघून जातं आणि कोवळं तण उन्हात काही तासांत करपतं. पण जिथे पडेल तिथेच जाळतं, मुळापर्यंत उतरत नाही. दोन-चार पानांचं गाजरगवत मरेल. हरळी आणि मोथा जमिनीखालून पुन्हा फुटणारच. विक्रेत्याने बांधावर प्रात्यक्षिक दाखवलं ते नेमकं कोवळ्या गाजरगवतावर, भर दुपारी, स्वतःजवळच्या बाटलीतून आणि पाणी न मिसळता. प्रात्यक्षिक बघायचंच असेल तर विकत घेणार त्याच सीलबंद कॅनमधून, पत्रकावरच्याच मात्रेने आणि मोथ्यावर करून मागा.

फसवणूक उघडी पडत होती ती माहितीपत्रकावर. तणासाठी १५ लिटरच्या फवारणी पंपाला ५० मिलि. मावा, पांढरी माशी यांच्यासाठीही पंपाला ५० मिलि. एकच मात्रा! जे औषध तणाचं पान जाळेल, ते त्याच मात्रेत संत्र्याच्या कोवळ्या नवतीला, म्हणजे नव्या पालवीला, सोडेल कसं? लिमोनीनला पीक आणि तण यातला फरक कळत नाही. ही एक ओळ नीट वाचली असती तर १७,००० खिशात राहिले असते, ही चीड अजून जात नाही. पण समोरचा माणूस पत्रक हातात ठेवून बोलतच राहतो, वाचू देतो कुठे?

आता हिशोब. अमेरिकेत ७० टक्के लिमोनीनचं तणनाशक मिळतं, त्यात तीन ते सहा पट पाणी घालतात. म्हणजे फवाऱ्यात लिमोनीन १० ते १७ टक्के. आपल्या १५ लिटरच्या पंपाला असं औषध किमान २ लिटर लागेल. २० लिटरमध्ये जेमतेम ९ पंप! हा विक्रेता २० लिटरमध्ये ४०० पंप सांगत होता. पंपाला ५० मिलि म्हणजे तसाच ७० टक्क्यांचा अस्सल माल धरला तरी लिमोनीन पाव टक्काही भरत नाही. तेवढ्याने मऊ अंगाचा मावा थेट भिजला तर मरेल, तण मुळीच नाही.

पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं झालं म्हणून फसू नका. रॉकेलमध्ये इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारं रसायन) घातलं तरी तसंच होतं. वास तर एसेन्सचाही येतो. थर्माकोलवर थेंब टाका. अस्सल लिमोनीन थर्माकोल विरघळवून खड्डा पाडतं. आमच्या कॅनमधल्या मालाने साधा ओरखडाही काढला नाही. खड्डा पडला तरी लगेच खरं मानू नका, पेट्रोलही तेच करतं. एक थेंब कागदावर वाळवा. मोठा तेलकट डाग राहिला तर त्यात दुसरं तेल आहे.

आणि तक्रार घेऊन गेलो ती कार्यालयं! बिलावर ‘सेंद्रिय पीक पोषक’, पत्रकावर ‘तणनाशक’. कीटकनाशकं बघणारे म्हणाले, बिल पोषकाचं आहे, खत विभागात जा. खतवाले म्हणाले, पत्रक तणनाशकाचं आहे, तिकडे जा. नमुना घ्या म्हटलं तर कॅन उघडलेला, चालत नाही. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून हात झटकले. १९६८च्या कीटकनाशक कायद्यात तणनाशकंही येतात, विक्रीआधी केंद्रीय नोंदणी लागते, विकणाऱ्याला परवाना लागतो. लेबलवर नोंदणी क्रमांकच नाही, यापेक्षा कोणता पुरावा हवा होता? शेतकऱ्याने कायदा वाचून दाखवायचा आणि पगार घेणाऱ्याने तो ऐकायचाही नाही? तोवर तो विक्रेता पुढच्या गावात पोचलेला असतो.

म्हणून एक कॅन सीलबंदच ठेवा. बिलावर ‘तणनाशक’ असा शब्द आणि बॅच नंबर लिहून घ्या. लिहीत नसेल तर पैसे देऊ नका. तक्रार लेखी द्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. बिल आणि पत्रक, दोन्ही एकत्र जोडा. दोन्हींवरची नावं वेगळी आहेत, हाच आमच्या तक्रारीतला पहिला मुद्दा आहे.