सूर्यावरचे उद्रेक बघायचेत: फिल्म, एच-अल्फा की नुसता मोबाइल?

माझा मामेभाऊ नाशिकच्या सिडकोत राहतो. दिवाळीत घरी आला तो मोबाइलवर एक व्हिडिओ घेऊनच: सूर्याच्या कडेवरून लाल ज्वाळा उसळतायत, कमान करून परत खाली पडतायत. "दादा, हे आमच्या गच्चीवरून दिसेल अशी दुर्बीण सांग. बजेट तीस हजार." आकडा ऐकून मी आधी चकलीची ताटली पुढे केली. नंतर त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न विचारणारा तो पहिला नाही.

स्वस्त रस्ता पांढऱ्या प्रकाशाचा. बाडर कंपनीची सोलर फिल्म ए-४ आकारात मिळते, काही हजारांत काम होतं. ती सूर्यप्रकाशाचा लाखातला एक भाग आत सोडते. पुठ्ठ्याची टोपी करून ती दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवायची आणि फाइंडरवर (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर) झाकण ठेवायचं. माझ्या पहिल्या दुर्बिणीसोबत आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) फिरवून लावायची एक काळी काच आली होती, वर 'सन' असं छापलेलं. तसली काच तुमच्याकडे असेल तर आजच फेकून द्या. सगळी उष्णता तिच्यावर एकवटते आणि ती डोळ्यासमोरच तडकू शकते. एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काचही त्याच लायकीची.

या फिल्ममधून सौरडाग फार सुंदर दिसतात. काळा गाभा, त्याभोवतीची करडी झालर, कडेजवळचे उजळ पट्टे. मे २०२४ मध्ये ३६६४ क्रमांकाचा डागांचा समूह इतका पसरला होता की ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवायही दिसत होता. त्याच्याच उद्रेकांनी १० आणि ११ मेला मोठं भूचुंबकीय वादळ आलं आणि लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल प्रभा टिपली गेली.

पण तो उद्रेक स्वतः फिल्ममधून दिसला का? नाही. इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. दीप्तिगोलाच्या, म्हणजे सूर्याच्या नेहमी दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या, झगमगाटापुढे त्यावरचा वर्णगोल (उद्रेक दिसतात तो वायूचा पातळ थर) फार फिका पडतो, आणि फिल्म सगळेच रंग सारख्या प्रमाणात कमी करते. पांढऱ्या प्रकाशात सौरज्वाला (फ्लेअर, म्हणजे अचानक उजळणारा स्फोट) दिसल्याची प्रसिद्ध नोंद इंग्रज खगोलज्ञ कॅरिंग्टनची, १ सप्टेंबर १८५९ ची. ती प्रसिद्ध आहे ती असं क्वचितच घडतं म्हणून. हर्शेल वेज (आयपीसच्या आधी बसणारा, बहुतेक प्रकाश बाहेर टाकणारा लोलक) घेतलात तर चित्र आणखी कुरकुरीत होईल, पण ज्वाळा त्यातही नाहीत. शिवाय तो फक्त भिंगाच्या दुर्बिणीलाच लावायचा.

म्हणजे उद्रेक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे तर एच-अल्फाला पर्याय नाही. हायड्रोजनची ६५६.२८ नॅनोमीटरची लाल रेषा, तिच्याभोवतीची ०.७ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) किंवा त्याहून अरुंद फट, बाकी सगळा प्रकाश बाहेर. कल्पना जुनी आहे. १८६८ च्या ग्रहणानंतर दुसऱ्याच दिवशी फ्रेंच खगोलज्ञ जान्सेनने गुंटूरहून वर्णपटदर्शकातून भर उजेडात या ज्वाळा पाहिल्या. इंग्रज खगोलज्ञ लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून तेच केलं. (१८६८ च्या त्याच ग्रहणात लॉकियरला हेलियम विजयदुर्गावर सापडला हा फॉरवर्ड दरवर्षी फिरतो. लॉकियर विजयदुर्गला आला हे खरं, पण १८९८ च्या ग्रहणाला.)

चाळीस ते साठ मिलिमीटरची तयार एच-अल्फा दुर्बीण परदेशातून येते, सीमाशुल्क धरून लाखाच्या आसपास किंवा वर जाते. भाऊ इथे खुर्चीत मागे टेकला.

आणि एवढे पैसे मोजूनही त्या व्हिडिओसारखं दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दिसतो एक गडद लाल गोळा, पहिल्या मिनिटात तर अगदी सपाट. डोक्यावर काळं कापड घेतलं आणि डोळा सरावला की कडेवरचे झुडपासारखे प्रॉमिनन्स (त्या लाल ज्वाळाच) दिसू लागतात, मग तबकडीवरच्या काळ्या नागमोडी रेषा. त्या रेषा म्हणजे समोरून दिसणारे तेच प्रॉमिनन्स, त्यांना फिलामेंट म्हणतात. चाळीस मिलिमीटरमधून दिसणारा बारीकात बारीक तपशील सुमारे ३,००० किलोमीटरचा. हालचाल डोळ्यांना जाणवत नाही, घड्याळाच्या तासकाट्यासारखी ती नंतर कळते. जानेवारीतल्या एका सकाळी कडेवर कुंपणासारखा एक प्रॉमिनन्स होता. मी खाली जाऊन दूध तापवून आलो, वीसेक मिनिटं गेली असतील, तर कुंपणाचं एक टोक उखडून वर निघालेलं. पाऊण तासात सगळं कडेपासून सुटलं आणि फिकं होत गेलं.

तेव्हा मी ट्यूनिंगची चकती (ती अरुंद फट किंचित इकडेतिकडे सरकवणारी) सतत फिरवत होतो, आणि ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. वायू आपल्या दिशेने किंवा उलट वेगाने निघाला की त्याची रेषा सरकते. सेकंदाला ४६ किलोमीटर वेगाने ती एक अँगस्ट्रॉम हलते. ०.७ च्या फटीतून असा वायू निसटलाच म्हणायचा. उद्रेक जोरात असतो नेमका तेव्हाच दुर्बीण 'काही नाही' दाखवते! म्हणून चकती हाताला सहज लागेल अशीच दुर्बीण घ्या.

घरात आधीच भिंगाची चांगली दुर्बीण असेल तर डेस्टार कंपनीचा क्वार्क, म्हणजे दुर्बिणीच्या मागे बसणारा एच-अल्फा फिल्टर, मोहात पाडतो. फट अरुंद, तपशील अप्रतिम. पण त्यातच ४.२ पट मोठं करणारं भिंग आहे, त्यामुळे ६०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत अख्खा सूर्य मावत नाही. शिवाय पॉवर बँक लागते आणि तो तापेपर्यंत थांबावं लागतं. उद्रेक कुठल्या कडेवर होईल हे माहीत नसताना मला पूर्ण तबकडी हवी असते, म्हणून माझं मत छोट्या तयार दुर्बिणीला. कॅल्शियमच्या जांभळ्या रेषेत सूर्य दाखवणाऱ्या फिल्टरचा नाद पहिल्या खरेदीत नको. पन्नाशीनंतर डोळ्यांना तो रंग धड दिसतही नाही.

आता फुकटचा पर्याय. भावाने दाखवलेला व्हिडिओ नासाच्या एसडीओ यानाचा होता. ते २०१० पासून फिरतंय आणि अतिनील किरणांत दर १२ सेकंदांनी प्रतिमा घेतं. सोहो यानाचा लास्को कॅमेरा सूर्य झाकून बाहेर फेकलेला वायू दाखवतो. माझं ते कुंपण दुपारी तिथे ढगासारखं पसरत जाताना सापडलं. गच्चीवरून ते दिसणं शक्यच नव्हतं. 'जेट', म्हणजे वायूचे फवारे, शोधणाऱ्याने आणखी एक लक्षात घ्यावं: थंड वायूचे फवारे एच-अल्फात दिसतात, पण दहा-वीस लाख अंशांचे जेट फक्त यानांच्या अतिनील किंवा क्ष-किरण प्रतिमांत. आपल्या आदित्य-एल१ यानावरची 'सूट' ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झाली याचा अभिमान आहेच, तरी रोज सकाळी मी उघडतो ते एसडीओच. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवायचे.

नाशिकचा हिशेबही मांडायला हवा. जून ते सप्टेंबर दुर्बीण कपाटात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम, पण सकाळी आठ ते दहा. त्यानंतर स्लॅब तापतो आणि सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी हलते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावात बांधली ती याच कारणाने, पाण्यावरची हवा शांत राहते. गच्चीपेक्षा गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मला नेहमीच स्थिर चित्र मिळालंय. सकाळी आठला कंपनीची बस पकडणाऱ्याने एच-अल्फा घेतली तर ती रविवारची दुर्बीण होईल.

घाई आहे का? डाग वाढण्या-घटण्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रांपैकी सध्याच्या २५ व्या चक्राचा कळस ऑक्टोबर २०२४ मध्ये होऊन गेला. उतरत्या काळातही मोठे उद्रेक होतात. ४ नोव्हेंबर २००३ ची महाज्वाला कळसानंतर दोन-तीन वर्षांनी आली होती. पण २०३० च्या आसपास फिल्ममधून कित्येक दिवस कोरी तबकडी बघावी लागेल. प्रॉमिनन्स मात्र तेव्हाही अधूनमधून भेटतात.

भावाला सांगितलं: ७० मिलिमीटरची साधी दुर्बीण आणि फिल्म आत्ता घे. रोज डाग कागदावर काढ आणि तोच भाग एसडीओवर बघ. एक हिवाळा हे टिकलं तर एच-अल्फासाठी पैसे साठव. ज्याला डागांत अजिबात रस नाही आणि सकाळ मोकळी आहे, त्याने मात्र फिल्मचा टप्पा सरळ गाळावा. आणि रोज सकाळी दुर्बीण मांडायचाच कंटाळा असेल तर मोबाइल पुरे, त्यात काही कमीपणा नाही.

तो आता सेकंड हँड शोधतोय. आपल्या पावसाळ्यात एच-अल्फा दुर्बिणींचा ब्लॉकिंग फिल्टर (नको तो प्रकाश अडवणारा) दमट हवेने धुरकट होतो, म्हणून काढून उजेडात धरून बघायचा. आणि पैसे ढगाळ दिवशी द्यायचे नाहीत.