होडी राहिली काठावर, ३६,७०० रुपये गेले पाण्यात

लिहिताना लाज वाटतेय. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, आलेला माल तपासून घेणं हेच काम. आणि निवृत्तीनंतर मलाच कोणीतरी रंगवलेलं लाकूड साग म्हणून विकलं!

मेहुण्याचं शेत गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. तिथे ठेवायला बारा फुटी होडी बांधायची हौस. साग पाण्यात टिकतो, त्यात तेल असतं, एवढं वाचलं होतं. तेच नडलं. वखारवाला म्हणाला, "काका, बल्लारशाचा माल आहे, ४,२०० रुपये घनफूट." आठ घनफुटांचे ३३,६०० झाले. पक्कं बिल घेतलं नाही तर जीएसटीचे ६,०४८ वाचतील, हेही त्यानंच सुचवलं. मी हो म्हणालो. कोण नाही म्हणतं, सांगा!

फळ्या मोजताना रुमालानं घाम पुसला, तर रुमालाला तपकिरी डाग. मी विचारलंसुद्धा! तो हसला. "सागाचं तेल आहे काका, तेच तर पाण्याला दाद देत नाही." मी मान डोलावली. वर घरी येऊन बायकोला तो डाग कौतुकानं दाखवला. अहो, साग हाताला मेणचट लागतो, गेरूसारखा रंग सोडत नाही. तिथेच एका फळीचं टोक कापून घ्यायला दोन मिनिटं लागली असती. दोन मिनिटं!

मिस्त्रींनी रंधा मारला, पण सागाचा तो चामड्यासारखा वास काही येईना. चार बोटं कापलं, तर आत पांढरीफटक फळी. अकरापैकी दोनच सागाच्या, त्यांच्याही कडा पांढऱ्या. सागाचा गाभा टिकतो, हा पांढरा भाग कुजतो; दोन्ही सागच, पण होडीला गाभाच लागतो. टेम्पोचे ७०० आणि मिस्त्रींची दोन दिवसांची २,४०० मजुरी वेगळी.

वखारवाला म्हणतो, कापलेला माल परत घेत नाही. पोलीस म्हणतात, दिवाणी मामला. जंगल खात्याच्या ऑफिसात तर मलाच विचारलं, "सागाचा वाहतूक परवाना कुठाय?" म्हटलं, साहेब, साग नाही हीच तर तक्रार आहे. "मग आमच्याकडे कशाला आलात?" तीन चकरा मारल्या, चहासुद्धा पदरचा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण पुरावा काय देऊ? माझ्या चिठ्ठीवर नुसतं 'लाकूड, ८ घ.फू.' साग हा शब्दच नाही! बिलावर लाकडाची जात लिहून घ्या, ६,०४८ गेले तरी चालतील.

मिस्त्री मूळचे मालवणकडचे. म्हणाले, आमच्याकडे ऐन, फणस, आंबाही होडीला चालतो. होडीच्या आतल्या वाकड्या आधारांना, म्हणजे फासळ्यांना, बाभळीचं मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड बघतात. हे आधी विचारलं असतं तर... पण मला सागच हवा होता ना! मरीन प्लाय, म्हणजे पाण्यासाठीचं प्लायवूड, घेणार असाल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघा. तो प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. शिक्केही खोटे मारतात, तेव्हा तुकडा मागून घरी स्वतः उकळून बघा.

कापलेल्या फळीचा एक तुकडा माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे. नाशकात कोणी लाकूड घ्यायला निघालं असेल तर घेऊन जा आणि वखारीत शेजारी ठेवून बघा.