टोरंटोत होडी ठेवायची कुठे? सभासदांच्या घामावर चालणारा क्लब की पैसे मोजून मरीना

टोरंटो, मिसिसागा, ओकव्हिल भागात जुनी शिडाची होडी घेणं अवघड नाही. सी अँड सी किंवा सीएस या कंपन्यांच्या सत्तरच्या दशकातल्या सत्तावीस फुटी होड्या इथेच, ओंटारियोत बनल्या आणि अजून भरपूर तरंगतायत. जुन्या गाडीच्या किमतीत एखादी मिळून जाते. खरा प्रश्न असतो तिला मे ते ऑक्टोबर बांधायची कुठे आणि हिवाळाभर उभी करायची कुठे. हे ठरल्याशिवाय होडीचे पैसे देऊ नका.

मी स्वतः सभासदांनी चालवलेल्या क्लबात आहे. माझा कल कुठे आहे हे आधीच सांगितलेलं बरं.

एका टोकाला व्यावसायिक मरीना, म्हणजे होड्या बांधायची भाड्याची जागा. वर्षाचं भाडं फुटावर मोजून भरायचं, डॉकची (होडी बांधायच्या धक्क्याची) काळजी मालकाची. दुसऱ्या टोकाला इथे ज्यांना सेल्फ-हेल्प म्हणतात ते क्लब. टोरंटोसमोरच्या अल्गॉन्किन बेटावरचा 1889 चा क्वीन सिटी यॉट क्लब त्या परंपरेतला. डॉक, कुंपण, गवत, स्वयंपाकघर, रात्रीची गस्त, सगळं सभासद वाटून घेतात. मधल्या पट्ट्यात पगारी नोकरवर्ग असलेले मोठे क्लब येतात. 1852 चा रॉयल कॅनेडियन यॉट क्लब त्यातला सगळ्यात थाटाचा, पण त्याची वर्गणी आपल्यापैकी बहुतेकांच्या गणितात बसत नाही, तेव्हा तो बाजूला ठेवू.

फरक गणपती मंडळासारखा आहे. कुणी वर्गणी देऊन आरतीला येतो, कुणी मांडवाचे बांबू बांधतो. मरीनात फक्त पहिला प्रकार चालतो. सेल्फ-हेल्प क्लबात दोन्ही करावं लागतं, आणि तिथेच लोक फसतात. श्रम केले म्हणजे पैसे लागत नाहीत असं नसतं. प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी, डॉकचं भाडं हे सगळं असतंच. श्रमाचे तास त्यावर. तास किती ते प्रत्येक क्लबाचं वेगळं. कमी पडले तर दर तासाचे पैसे लावतात, आणि तो दर मुद्दामच बोचेल असा ठेवतात. तरीही एकूण हिशोब बहुधा मरीनापेक्षा कमीच बसतो. फक्त तुमच्या शनिवारची किंमत त्यात तुम्हीच धरायची.

मुंबईच्या बंदरात शीड शिकलेल्यांना हे आधी विचित्र वाटतं. तिथे होडी उतरवायला, धुवायला, दोर आवरायला पगारी माणसं असतात. इथे निवृत्त सर्जन आणि ट्रकचालक एकाच फळीची दोन टोकं धरून उभे असतात.

आता डॉककडे वळू, कारण निवड खरी तिथे ठरते.

लेक ओंटारियो गोड्या पाण्याचं. लाकूड पोखरणारे खाऱ्या पाण्यातले किडे इथे नाहीत, त्यामुळे कायम पाण्याखाली असलेले लाकडी सांगाडे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. कुजतं ते पाण्याच्या रेषेजवळचं, कधी ओलं कधी कोरडं होणारं लाकूड. आमच्याकडे वसंतातल्या पहिल्या वर्क पार्टीला, म्हणजे श्रमदानाच्या दिवशी, दोघं जण साधा स्क्रूड्रायव्हर घेऊन डॉकवर गुडघे टेकतात आणि प्रत्येक तुळईच्या टोकात तो खुपसत पुढे सरकतात. स्क्रूड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा आत गेला की खडूची फुली. मागून येणारे फुल्या बघून फळ्या काढतात. नवी फळी कापायची ती किनाऱ्यावर, भुसा पाण्यात जाऊ नये म्हणून. हे काम श्रमदानाने उत्तम होतं, किंबहुना मरीनापेक्षा चांगलं होतं. ज्याची होडी त्या डॉकला बांधलेली आहे तोच स्क्रूड्रायव्हर धरतो. मरीनात सैल फळीची तक्रार कार्यालयात नोंदवायची आणि वाट बघायची.

बर्फाचं काम मात्र दोन्हीकडे सारखंच जिकिरीचं. तळ्याचं पाणी हिवाळ्यात खाली असतं आणि वसंतात चढतं. खांबाला घट्ट धरून बसलेला बर्फ पाण्याबरोबर वर येतो आणि खांबही उपटून आणतो. म्हणून काही ठिकाणी खांबांभोवती पाणी घुसळणारे पंप हिवाळाभर चालू ठेवतात. ते बंद पडले तर जानेवारीतल्या रात्री उठून कोण जाणार? मरीनात त्यासाठी पगारी माणूस असतो. क्लबात एखादा सभासद असतो, आणि तो फ्लोरिडाला गेला असेल तर? क्लब बघायला जाल तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर देताना कोण कोणाकडे बघतं त्यावरून बरंच कळतं.

पाण्याच्या पातळीचा धडा 2017 आणि 2019 ने दिला. 2017 मध्ये तळं विक्रमी चढलं, टोरंटो बेटांवरची उद्यानं जुलैच्या अखेरपर्यंत बंद राहिली. दोन वर्षांनी तोही विक्रम मोडला, पातळी समुद्रसपाटीपासून 75.92 मीटरवर गेली. नकाशातली खोली ज्या पातळीपासून मोजतात ती आहे 74.2 मीटर, म्हणजे पाणी तिच्या जवळपास पावणेदोन मीटर वर होतं. पक्के डॉक पाण्याखाली गेले, वीज तोडावी लागली. अशा वेळी श्रमदानाची ताकद दिसते. वाळूची पोती भरायला, जुन्या डॉकवर दुसरा मजला चढवायला एका हाकेत पन्नास हात येतात. कंत्राटदार त्याच आठवड्यात मिळत नाही, कारण किनाऱ्यावरचा प्रत्येक जण त्यालाच फोन करत असतो. तरंगते डॉक असलेल्या जागा तुलनेने सुटल्या, तेव्हा जागा निवडताना डॉक पक्का की तरंगता, हे क्लब-मरीना वादाच्या आधी बघा. तरंगत्या डॉकच्या खाली उघडा थर्माकोल दिसला तर तो जुना आहे असं समजा. नव्या डॉकसाठी ओंटारियोने 2021 मध्ये कायदा केला आणि थर्माकोल कवचात बंद असणं सक्तीचं केलं.

श्रमदानाची जागा कुठे संपते, याबाबत मी हट्टी आहे. विजेपाशी संपते. डॉकवरच्या वीजजोडणीत गळती असेल तर गोड्या पाण्यात ती खाऱ्यापेक्षा जास्त जीवघेणी ठरते. खारं पाणी शरीरापेक्षा चांगलं वीजवाहक असतं, प्रवाह माणसाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात माणूसच सोपी वाट होतो. थोड्याशा प्रवाहाने स्नायू आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. बरीच वर्षं सभासद असलेला हौशी इलेक्ट्रिशियन कितीही प्रेमळ असो, डॉकची वीज परवानाधारकानेच हाताळायची. क्लबात जाऊन विचारा, शेवटची तपासणी कुणी केली आणि त्याचा कागद आहे का. ‘आपले अमुक बघतात’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. मरीनाही इथे आपोआप पास होत नाही, कागद तिथेही मागा.

क्रेनचा दिवस हा दुसरा कस. ऑक्टोबरात एका शनिवारी भाड्याची क्रेन येते आणि क्लबातल्या होड्या एकामागून एक बाहेर निघतात. क्रेन चालवणारा व्यावसायिक, बाकी सगळे सभासद. पट्टे किलच्या (होडीच्या तळाच्या वजनदार कण्याच्या) पुढे-मागे नेमक्या जागी बसवणं, मागचा पट्टा प्रॉपेलरच्या दांड्यावर येणार नाही हे बघणं, होडी हवेत असताना दोर धरून तिला गिरकी घेऊ न देणं, मग क्रेडलच्या, म्हणजे आधाराच्या चौकटीच्या, पॅडवर अलगद टेकवणं. चांगल्या क्लबात तिथे एकच आवाज ऐकू येतो, इशारे देणाऱ्याचा. चार जण एकदम सूचना देत असतील तर त्या क्लबाचं नाव वहीतून खोडा. अशा कामात स्वयंसेवकाला दुखापत झाली तर नोकरदाराला मिळणारं सरकारी विमासंरक्षण सहसा लागू होत नाही, म्हणून क्लबाचा विमा काय भरून देतो तेही लेखी बघावं. मरीनात ट्रॅव्हललिफ्ट (होडी उचलून नेणारी चाकांवरची क्रेन) असते, तुम्ही घरी बसता, बिल येतं. मात्र काही मरीनांत स्वतःच्या होडीची दुरुस्ती स्वतः करायला किंवा बाहेरचा मेकॅनिक आणायला मनाई असते. जुन्या होडीवाल्याला हे कलम महागात पडतं.

गाळाचं थोडक्यात. अ‍ॅशब्रिजेस बे या टोरंटोच्या पूर्वेकडच्या खाडीच्या तोंडाशी तो साठतो आणि उपसावा लागतो. हे फावड्याचं काम नव्हे, परवाने आणि यंत्रं लागतात. मरीना तो खर्च भाड्यात मिसळते. क्लब एखाद्या वर्षी सभासदांवर जादा वर्गणी लावतो, म्हणून मागच्या काही वर्षांची इतिवृत्तं मागून वाचा.

सेल्फ-हेल्प क्लबांचं सगळ्यात मोठं दुखणं वयाचं आहे. तळाशी साखळ्या कुठून कुठे गेल्यात, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठल्या झुडपामागे आहे, हे दोन-तीन म्हाताऱ्या डोक्यांत असतं. कागदावर नकाशा असलेला क्लब शंभर नव्या फळ्यांपेक्षा मोलाचा.

घरात दोन लहान मुलं आणि शनिवार-रविवार बांधलेले असतील तर पाचेक वर्षं मरीनाच बरी. श्रमाच्या तासांचा दंड भरत क्लबात राहण्यात पैसेही जातात आणि बोलणीही खावी लागतात. होडीतलं काही कळत नसेल आणि शिकायचं असेल तर क्लब, डोळे झाकून. इंजिनातली हवा कशी काढायची हे मला फळी ठोकताना शेजारच्याने सांगितलं, मरीनात त्याचे तासाने पैसे लागले असते. आणि पैसे दोन्हींसाठी कमी असतील तर लेस्ली स्ट्रीट स्पिटवर (भराव घालून तळ्यात काढलेल्या जमिनीच्या पट्टीवर) अ‍ॅक्वाटिक पार्क सेलिंग क्लब आहे. तिथे डॉकला बांधायचं नाही, होडी बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधून उभी राहते, छोट्या नावेतून तिच्यापर्यंत जायचं. सामान आणि सासूबाई दोन्ही त्या नावेत चढवता येतील का, तेवढं बघून घ्या.